बाईकवर बसलं की पँट वर का चढते आणि टेलरला नक्की काय सांगायचं

तुम्ही लिहिलंय की रोज पल्सर १५० वरून हिंजवडीला जाता, फॉर्मल पँट बाईकवर बसल्या बसल्या चार बोटं वर चढते, मोजा संपून नडगी उघडी पडते, सकाळच्या गार वाऱ्याने पाय आखडतात, आणि ऑफिसला उतरलं की पँट पोटरीवर अडकून बसलेली असते ती हाताने खाली ओढावी लागते. टेलरने लांबी वाढवून दिली तर आता चालताना टाचेखाली येते. आणि शेवटी विचारलंय की बॉटमला रबरबँड लावला तर चालेल का.

आधी रबरबँडचं सांगतो, नका लावू. का ते पुढे सांगतोच. पण त्याआधी मला वाटतं तुमचा खरा प्रॉब्लेम नीट बघायला पाहिजे, कारण तुम्ही आणि तुमचा टेलर दोघंही बॉटमकडे बघताय आणि पँट ओढली जातेय ती वरून. मी साताऱ्यात जेन्ट्स टेलरचं काम करतो, आयुष्य त्यातच गेलंय, आणि बाईकही तेवढीच चालवतो, अस्तर-बटणं-चेन आणायला पुण्याला बोहरी आळीत जायचं तर मी गाडीनेच जातो. त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी माहिती आहे, कापडाच्या पण आणि सीटच्या पण.

घरात इंच टेप असेल तर एक करून बघा. उभं राहून मांडीच्या मध्यापासून गुडघ्यावरून नडगीच्या मध्यापर्यंत टेप धरा, पेनाने दोन खुणा करा, आकडा बघा. मग खुर्चीवर बसा आणि गुडघा बाईकवर असतो तसा वाकवून त्याच दोन खुणांमधलं अंतर परत मोजा. दोन-तीन इंचांचा फरक सहज दिसेल. कातडी ताणली जाते म्हणून आपल्याला कळत नाही, पण कापड ताणलं जात नाही, त्याला ती लांबी कुठून तरी आणावीच लागते. वरून कंबर पट्ट्याने बांधलेली, सीटचा भाग तुमच्या बुडाखाली दाबलेला, मांडी टाकीला आणि सीटला घासतेय, मग मोकळं टोक राहिलं कुठलं, तर फक्त बॉटम. म्हणून तेच वर येतं. गुडघ्याच्या मागे मात्र उलटं होतं, तिथे कापड जास्त होऊन चुण्या पडतात. बाईकवर बसलेले असताना कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा, बॉटम पुढून जास्त वर गेलेलं आणि मागून कमी वर गेलेलं दिसेल. तसं दिसलं की समजायचं गुडघा ओढतोय.

दुसरी ओढ पँटच्या सीटची, म्हणजे बुडाकडच्या भागाची. बसल्यावर कंबरेच्या मागून खाली आसनापर्यंतची, म्हणजे पँटचे दोन पाय जिथे जोडले जातात तिथपर्यंतची लांबी सुद्धा वाढते, ती आजकालच्या लो वेस्ट पँटमध्ये नसतेच, मग मागून कंबर खाली घसरते, शर्ट बाहेर येतो, आणि मांडीवरचं कापड पण मागे खेचलं जातं. ज्याचा शर्ट बाईकवर बसलं की मागून बाहेर येतो त्याची पँट बहुतेक वेळा खालूनही वर जाते, दोन्हीचं मूळ एकच आहे, मागचं आसन कमी.

तिसरी गोष्ट घासणं आणि हादरे. एकदा वर गेलेलं कापड गाडीच्या हादऱ्याने खरं तर खाली यायला पाहिजे पण ते येत नाही, कारण पायावरचे केस, घाम आणि कॉटनचं खरखरीत कापड मिळून त्याला धरून ठेवतात, आणि प्रत्येक गिअर टाकताना, ब्रेक दाबताना, सिग्नलला पाय खाली-वर करताना ते अजून थोडं वर सरकतं. म्हणून घरून निघताना ठीक असलेली पँट वाकडला पोचेपर्यंत अर्ध्या नडगीवर असते. आणि चौथी गोष्ट वारा, पण शहरातल्या स्पीडला वाऱ्याचा वाटा कमी असतो, लोक उगाच सगळं वाऱ्यावर ढकलतात. हायवेला मात्र मोठ्या घेराच्या पँटला वारा खालून शिरून फुगवतो हे खरं.

आता यातलं तुमच्या बाबतीत काय किती आहे हे न बघता सांगता येत नाही, ते पँटच्या कटवर, कापडावर, तुमच्या पोटरीवर आणि गाडीवर अवलंबून आहे. स्प्लेंडर किंवा शाईनसारख्या गाडीवर पाय बऱ्यापैकी सरळ खाली असतात, गुडघा कमी वाकतो. पल्सरवर त्याहून थोडा जास्त वाकतो. आर१५ किंवा आरसी ३९० सारख्या स्पोर्ट्स बाईकवर फुटरेस्ट मागे आणि उंच असतात, गुडघा पार दुमडतो, तिथे सगळ्यात जास्त पँट वर चढते. ॲव्हेंजरसारख्या गाडीवर पाय पुढे लांब असतात, गुडघा कमी ओढतो पण पँटचं तोंड वाऱ्याकडे येतं त्यामुळे तिथे वारा हाच मुख्य त्रास. स्कूटरला पुढचं ॲप्रन वारा अडवतं पण गुडघा काटकोनात असल्यामुळे ओढ राहतेच. उंच माणूस छोट्या गाडीवर बसला तर त्याचा गुडघा अजून जास्त वाकतो हे पण धरा.

म्हणून मी दुकानात गिऱ्हाइकाला आधी एक साधी टेस्ट करायला लावतो, तुम्ही घरी करा. गाडी मेन स्टँडवर लावा, तुम्ही बूट घालता तेच बूट घाला, बसा, दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवा. पँट वर जाईल. आता हाताने बॉटम धरून खाली ओढा आणि सोडा. तीनपैकी एक काहीतरी होईल. खाली येऊन तिथेच थांबली तर कट ठीक आहे, घासण्याचा आणि बसण्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे, त्याला टेलरची गरजच नाही. खाली आली पण सोडल्या सोडल्या परत वर उडाली तर कापड कमी पडतंय, गुडघ्यात नाहीतर आसनात, कदाचित दोन्हीकडे. आणि ओढूनही खाली येत नाही, पोटरीवर गच्च बसलीय, तर घेर कमी आहे. तुम्ही उतरल्यावर पोटरीवर अडकते म्हणालात त्यावरून तिसरा प्रकार तर नक्की आहे आणि दुसराही असावा असा माझा अंदाज.

पोटरीचं जरा नीट सांगतो कारण ते बऱ्याच टेलरच्या पण लक्षात येत नाही. आजकाल सगळ्यांना बारीक बॉटम पाहिजे असतं, १३, १४ इंच. टेलर काय करतो, गुडघ्यापासून बॉटमपर्यंत सरळ पट्टी ठेवून तिरकी रेघ मारतो. उभं असताना फिटिंग मस्त दिसतं कारण पोटरीच्या जागी पँट अजून बऱ्यापैकी रुंद असते. पण बसल्यावर पँट तीन इंच वर गेली की पोटरीच्या जागी खालचा बारीक भाग येतो आणि पाचरीसारखा बसतो. पोटरीचा घेर जर १५ असेल तर १४ चं बॉटम तिच्यावर चढल्यावर परत खाली यायचं कारणच नाही. त्यामुळे रोज बाईक चालवणाऱ्याला मी बॉटम १६ सांगतो, फार झालं तर १५ वर येतो पण मग गुडघ्यापासून पोटरीच्या खालपर्यंत घेर जवळजवळ तसाच ठेवून मग तिरका घेतो. दिसायला थोडा फरक पडतो, ते मी आधीच सांगतो. १७ च्या वर मात्र जाऊ नका, मग वारा शिरतो आणि अजून एक धोका आहे तो खाली सांगतो.

गुडघ्याला किती सैल ठेवायचं तर तुमच्या गुडघ्याच्या घेरापेक्षा साधारण चार इंच जास्त. मांडीचं माप बहुतेक ठिकाणी उभं राहून घेतात, बाईकवाल्याचं बसवून घ्यायला पाहिजे, बसल्यावर मांडी पसरते आणि घेर वाढतो, उभ्याच्या मापाने शिवलेली पँट मग मांडीला चिकटते आणि जिथे चिकटली तिथे कापड सरकायचं बंद होतं. कापड सरकायचं बंद झालं की गुडघ्याला लागणारी लांबी वरून येऊच शकत नाही, सगळी खालून येते. पुढे कंबरपट्टीखाली एक प्लीट, म्हणजे चुणी घेतली तर हा त्रास बराच कमी होतो, बसल्यावर प्लीट उघडते आणि मांडीला जागा मिळते, उभं राहिलं की मिटते. प्लीटची फॅशन नाही म्हणून पोरं नको म्हणतात पण बाईकसाठी तिच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मागच्या आसनात अर्धा ते पाऊण इंच जास्त द्यायचा आणि मागची शिलाई जरा जास्त तिरकी कापायची. याने उभं असताना बुडाखाली थोडी घडी दिसते, एकदम चापून बसलेली सीट मिळणार नाही. उभं छान दिसणं आणि बसून आराम असणं यात कुठेतरी मध्ये थांबावं लागतं, आणि रोज दीड-दोन तास सीटवर बसणाऱ्याने बसण्याच्या बाजूने झुकावं. कंबर पण बेंबीच्या जवळ ठेवा, हिपवर नको.

लांबीबद्दल. तुमच्या टेलरने लांबी वाढवली हे उत्तर चुकीचं म्हणत नाही मी, ते अपुरं आहे. बूट घालून उभं राहिल्यावर मागून बॉटम टाचेच्या मध्यापर्यंत यावं, जमिनीपासून निदान अर्धा-पाऊण इंच वर, आणि पुढे बुटावर एक घडी पडावी, बस. बॉटम थोडं तिरकं कापलं, म्हणजे मागे अर्धा इंच लांब आणि पुढे आखूड, तर पुढे ढीग न होता लांबी मिळते. याहून लांब केलं तर चालताना टाचेखाली येतं ते तुम्ही बघितलंच, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे सिग्नलला थांबताना पाय खाली टेकवायला जाता आणि लांब बॉटम फुटरेस्टमध्ये किंवा गिअरच्या पट्टीत अडकतं, पाय खाली पोचतच नाही आणि माणूस उभ्या गाडीसकट आडवा होतो. मोठ्या घेराच्या पँटला हाच धोका. डाव्या बाजूला आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची चेन असते, चेन कव्हर पूर्ण असेल तर ठीक, पण अर्धी चेन उघडी असलेल्या गाड्यांवर लोंबणारं कापड नकोच. म्हणून बाहेर दुमडलेलं बॉटम, ज्याला टर्नअप म्हणतात, ते पण बाईकवाल्याला मी करून देत नाही, ते पट्टीत बरोबर अडकतं.

बॉटमची खूण मी गिऱ्हाइकाला बाईकवर बसवूनच करतो. दुकानासमोर गाडी मेन स्टँडवर, तो फुटरेस्टवर पाय ठेवून बसलेला, मी खाली बसून बुटाच्या काठाला जिथे कापड येतं तिथे खडूने रेघ मारतो, मग त्याला उभा करून परत रेघ मारतो. दोन रेघांत जेवढं अंतर तेवढी पँट वर जाते. कच्च्या टाक्यावर पँट असतानाच हे केलं की आसन, मांडी सोडवून परत खडू मारता येतो आणि अंतर कमी झालेलं डोळ्यांनी दिसतं. चार इंचांचं अंतर दीड-दोनवर आलं की मी थांबतो. शून्यावर येत नाही, साध्या विणलेल्या कापडात येणारच नाही, कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. दीड-दोन इंच वर गेली तरी लांब मोजा असेल तर नडगी उघडी पडत नाही, आणि घेर बरोबर असेल तर उतरल्यावर आपोआप खाली पडते.

तर टेलरकडे जाताना एवढं सांगा: मांडी बसवून मोजा, मागचं आसन अर्धा-पाऊण इंच वाढवा, एक प्लीट, गुडघा सैल, बॉटम १६ आणि पोटरीखालीच निमुळतं, आणि आत दुमडीत दोन-अडीच इंच मार्जिन सोडा. मागच्या बाजूला टाचेच्या जागी आतून पट्टी लावून घ्या, बुटाला घासून काठ फाटत नाही.

कापडाचं. दोन-तीन टक्के लायक्रा असलेलं सुटिंग घ्या, गुडघ्यात थोडं ताणलं जातं तेवढीच ओढ कमी. लायक्रा उभ्या दिशेने ताणणारं आहे का ते दुकानात हाताने ओढून बघा, बरेचदा ते फक्त आडवं ताणलं जातं आणि आपल्याला पाहिजे उभं. टेरी-रेयॉनचं गुळगुळीत कापड पायावरून चांगलं सरकतं, कॉटन चिनो घामाला चिकटते. पण पूर्ण पॉलिस्टर टाळा, गरम सायलेन्सरला लागलं तर ते वितळतं आणि कातडीला चिकटू शकतं. आणि सायलेन्सरचा विषय निघालाच आहे तर उजवी पँट वर गेलेली असताना उतरताना पोटरीला चटका बसतो तो आपल्याकडे किती जणांना बसलाय, पोटरीवर काळा डाग घेऊन फिरणारे भरपूर बघितलेत मी. बसलाच तर वीस मिनिटं नळाचं वाहतं साधं पाणी सोडायचं, बर्फ नाही आणि टूथपेस्ट तर अजिबात नाही.

अस्तर हा माझा आवडता उपाय आहे. सूटच्या चांगल्या पँटला पुढच्या बाजूला आतून गुडघ्याच्या खालपर्यंत अस्तर असतं, ते कापड टोचू नये आणि गुडघ्यात फुगे येऊ नयेत म्हणून, पण बाईकवर त्याचा तिसराच फायदा होतो, गुडघा वाकला की पँट पायावरून घसरते, अडकत नाही, आणि उठलं की जागेवर येते. साध्या फॉर्मल पँटला पण लावून मिळतं, खर्च फार नाही. दोन गोष्टी टेलरला सांगायच्या, अस्तर पुढच्या भागापेक्षा जरा सैल कापायचं, नाहीतर तेच गुडघ्यात ताणून फाटतं, आणि खालचं टोक मोकळं सोडायचं, पँटला शिवायचं नाही. उन्हाळ्यात गरम होतं हे खरं आहे, एप्रिल-मेमध्ये मला पण नको वाटतं, म्हणून एकदम पातळ अस्तर घ्या किंवा तुमच्या पँटांपैकी थंडीतल्या दोनला लावा.

आता टेलरशिवाय काय करता येतं. पहिलं बसायची पद्धत. आपण पाय टाकून सीटवर मागे बसतो आणि मग टाकीकडे पुढे सरकतो. त्या सरकण्यात रेक्झिन कापडाला मागे धरून ठेवतं आणि तुम्ही पुढे जाता, म्हणजे निघायच्या आधीच पँट दोन इंच ओढून झाली. त्याऐवजी पाय टाका, जमिनीवर दोन्ही पाय ठेवून टाकीजवळ उभे राहा, मांडीवरचं कापड दोन्ही हातांनी चिमटीत धरून गुडघ्याकडे ढकला, म्हणजे गुडघ्यावर थोडा झोळ तयार होतो, आणि मग सरळ खाली बसा. सीटखाली कापड दाबलं जाण्याआधी गुडघ्याला लागणारी लांबी तिथे पोचलेली असते. एवढ्यानेच काही जणांचा निम्मा त्रास जातो. लांबच्या सिग्नलला गाडी न्यूट्रल करून हेच परत करता येतं. चालत्या गाडीवर मात्र खाली वाकून पँट ओढायची नाही, एक हात सोडून नजर खाली, अशा एका सेकंदात पुढचा रिक्षावाला थांबतो.

दुसरं, मोजा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय. गुडघ्याखालपर्यंत येणारे लांब मोजे घ्या, पँट इस्त्रीच्या घडीवर चपटी करून ती घडी पायाच्या बाहेरच्या अंगाला गुंडाळा आणि वरून मोजा चढवा. बॉटम मोज्यात. ऑफिसच्या पार्किंगमध्ये मोजा खाली करायचा, पँट सोडायची. घडीवर गुंडाळली तर सुरकुत्या फार पडत नाहीत, नुसती कोंबली तर पडतात. वारा नाही, चेनचं ग्रीस नाही, नडगी झाकलेली. दिसायला कसं दिसतं याची लाज वाटते काहींना, पण रस्त्यावर तुमच्या मोज्याकडे बघायला कुणाला वेळ आहे.

तिसरं, पायाखालून जाणारं इलॅस्टिक. हे मी करून देतो आणि नीट केलं तर उत्तम चालतं. बॉटमच्या आत दोन्ही बाजूच्या शिलाईवर, काठापासून एक इंच वर, एकेक बटण, फक्त आतल्या दुमडीला टाचलेलं म्हणजे बाहेरून टाका दिसत नाही. पाऊण इंची इलॅस्टिकच्या दोन्ही टोकांना काज. हे इलॅस्टिक मोज्यावरून पण बुटाच्या आतून तळपायाखाली घ्यायचं. बुटाच्या बाहेरून घेऊ नका, कारण बाहेरून ते बरोबर टाचेच्या पुढच्या खोबणीत येतं आणि तीच जागा फुटरेस्टवर टेकते, मग रबर झिजतं, पाय घसरतो आणि एखाद दिवशी अडकतो. आणि लांबी बाईकवर बसून ठरवायची, पाय फुटरेस्टवर असताना जेमतेम ताणलं जावं, उभं राहिल्यावर सैल. उभं राहून ताठ केलं तर बसल्यावर ते पँटला खालून ओढणार.

आणि इथेच रबरबँडचं उत्तर आहे. कट कमी असेल आणि तुम्ही बॉटम खालून बांधून टाकलं, रबरबँडने, इलॅस्टिकने, कशानेही, तर गुडघ्याला लागणारे ते दोन-तीन इंच आता खालून येऊ शकत नाहीत, मग ते वरून येतात. कंबर खाली ओढली जाते, गुडघ्यावर कापड तंग होऊन पाय वाकवायला जड जातो, आणि शेवटी आसनाची शिलाई उसवते. माझ्याकडे आसन उसवलेल्या पँटा घेऊन येणाऱ्यांत बाईकवाले बरेच असतात आणि टीप कच्ची होती म्हणून उसवली असं क्वचितच असतं. त्यामुळे आधी वर जागा करा, मग खाली बांधा. रबरबँडचा वेगळा त्रास म्हणजे तो पायाला गोल आवळतो, तासाभराने पावलाला मुंग्या येतात, आणि पँटसकट वर सरकून पोटरीवर चढला की अजून आवळतो. सायकलवाले वापरतात तसा रुंद व्हेल्क्रोचा पट्टा घोट्याच्या वर, पोटरीच्या बराच खाली, बेताने लावला तर वारा आणि ग्रीस अडतं, पण एकट्याने तो पँट धरून ठेवत नाही.

तुमचं अंतर रोजचं आहे आणि हायवेचा तुकडा पण आहे, म्हणून मी खरं तर तुम्हाला वरून घालायच्या रायडिंग पँटबद्दल विचार करा म्हणेन. ऑफिसची पँट आत, वरून ती, पोचल्यावर काढून ठेवायची. चांगल्या रायडिंग पँटला गुडघ्याच्या वर घड्यांची ताणणारी पट्टी असते, खाली पोटरीला झिप आणि व्हेल्क्रो असतो, म्हणजे आत्तापर्यंत मी जे जे सांगितलं ते त्यात आधीच केलेलं असतं. घेताना दुकानात उभं राहून बघू नका, बसून गुडघा वाकवून बघा. उभं असताना गुडघ्याचा पॅड थोडा खाली वाटतो आणि ते बरोबर असतं, बसल्यावर तो वर येऊन वाटीवर बसतो. तो वाटीच्या वर मांडीकडे गेला किंवा हाताने बाजूला फिरला तर साईज चुकला, पडल्यावर तो पॅड काही कामाचा नाही. पॅडवर ईएन १६२१-१ असं लिहिलेलं असतं आणि लेव्हल १ किंवा २, दोनवाला धक्का जास्त अडवतो. घालताना आतली पँट मोज्यात खोचूनच वरची चढवा, नाहीतर वरची चढवताना आतली गुडघ्यापर्यंत जाते.

पावसाळ्याचं वेगळं गणित आहे. रेनपँट ताणली जात नाही, त्यामुळे ती साध्या पँटपेक्षा जास्त वर चढते आणि नडगीवरून ओघळलेलं पाणी सरळ बुटात. ती नेहमी एक साईज मोठी घ्या, बसल्यावर बुटाच्या काठाखाली चार बोटं आली पाहिजे, आणि तिचं बॉटम कायम बुटाच्या बाहेरून, गमबूट असला तरी बाहेरूनच, आत खोचलं तर बूट भरतो. आमच्या इकडे महाबळेश्वर-कासच्या पावसात रोज जाणारी माणसं सरळ हाफपँटवर रेनपँट घालतात आणि ऑफिसची पँट गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पोचल्यावर बदलतात. जुलै महिन्यात मला त्याच्यापेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही.

मागे कुणी बसत असेल तर त्यांच्याकडे पण बघा. मागचे फुटरेस्ट उंच असतात, गुडघा तुमच्यापेक्षा जास्त वाकतो आणि उजवी पोटरी सायलेन्सरच्या जवळ असते. प्लाझो किंवा घेरदार सलवार असेल तर बसायच्या आधी बॉटम पायाला गुंडाळून मोज्यात किंवा पट्ट्यात, आणि ओढणी पूर्ण आत, साडी गार्ड काढून टाकलेल्या गाडीवर तर बसवूच नये.

शेवटी तुमच्याकडे आहेत त्या पँटांचं. सगळ्या टाकायची गरज नाही. आतून आसनाची मागची शिलाई उलटून बघा, चांगल्या टेलरने तिथे इंच-दीड इंच मार्जिन सोडलेलं असतं, ते सोडवून सीट आणि मांडी दोन्ही सैल होतात. बाजूच्या शिलाईत पोटरीच्या जागी अर्धा इंच जरी मिळाला तरी घ्या, दोन्ही बाजू मिळून घेरात बराच फरक पडतो. रेडिमेड पँटमध्ये मात्र मार्जिन जवळपास नसतंच, तिथे टेलरने हात वर केले तर त्याचा दोष नाही, त्या पँटांना अस्तर आणि लांब मोजे हाच उपाय. आणि टेलरने वाढवून दिलेली जास्तीची लांबी परत आत घेताना कापायला देऊ नका, आत दुमडून हातशिलाई करून घ्या, आसन सोडवल्यावर बाईकवर बसून परत खडू मारला की मग कळेल त्यातली किती लागणार आहे.